आधी लाल दिसू द्या

टीमने टीडीडी (टेस्ट-ड्रिव्हन डेव्हलपमेंट: कोड तपासणारी टेस्ट आधी, कोड नंतर) करावं असं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कोणीतरी कव्हरेजचा, म्हणजे किती कोड टेस्टमधून चालून जातो त्याचा, आकडा टाकतं: ८०%. मग शुक्रवारी संध्याकाळी, कोड लिहून झाल्यावर, काहीच न तपासणाऱ्या टेस्टची रांग लागते. आकडा गाठला जातो, टीडीडी राहून जातं.

त्यापेक्षा डेटाबेस आणि नेटवर्कला हात न लावणारं, पण नियमांनी ठासून भरलेलं छोटं काम घ्या. मुंबईत असाल तर रिक्षाचं भाडं घ्या, नियम सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. १ फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४, आणि मध्यरात्री १२ ते पहाटे ५ या वेळेत २५% जादा.

पहिली टेस्ट: दीड किलोमीटरला २६. ती चालवा आणि लाल, म्हणजे फेल, झालेली डोळ्यांनी बघा. फंक्शनच नाही म्हणून कंपाइल होत नाही, एवढ्यावर थांबू नका. रिकाम्या फंक्शनने शून्य द्यावं आणि टेस्टने 'हवे २६, मिळाले ०' असं सांगावं, तिथवर या. सगळ्यात जास्त टाळाटाळ याच पायरीला होते. ज्या टेस्टमध्ये असर्ट, म्हणजे उत्तर तपासणारी ओळ, लिहायचाच राहिला, ती जन्मापासून हिरवी, म्हणजे पास, असते आणि वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. लाल दिसली की सरळ २६ परत करा. लोक हसतील, हसू द्या.

दुसरी टेस्ट २ किलोमीटरची. अपेक्षित भाडं किती? २६ मध्ये उरलेल्या अर्ध्या किलोमीटरचे ८.५७ मिळवले तर ३४.५७, म्हणजे ३५. पूर्ण अंतराला १७.१४ ने गुणलं तर ३४.२८, म्हणजे ३४. एका रुपयाचा फरक, आणि कोड अजून लिहिलेलाच नाही! टीडीडीची खरी कमाई ही. आधी कोड लिहिला असता तर जे उत्तर आलं तेच टेस्टमध्ये चिकटवलं असतं. अपेक्षित आकडा नेहमी दरपत्रकावरून किंवा प्रॉडक्ट ओनरला विचारून हाताने लिहायचा. जाता जाता: पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, ठेवू नका. १७१४ पैसे आणि अंतर मीटरमध्ये, दोन्ही पूर्णांक.

रात्रीच्या दराला हमखास गाडी अडते. फंक्शन आतल्या आत घड्याळ बघत असेल तर टेस्ट दिवसा पास आणि रात्री फेल. वेळ बाहेरून पॅरामीटर म्हणून द्या आणि २३:५९, ००:००, ०४:५९, ०५:०० अशा चार टेस्ट लिहा. टाइमझोनही सोबत द्या. सर्व्हर सहसा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतो, आणि तिथली मध्यरात्र म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. कोडने सर्व्हरचा तास बघितला तर साडेपाच ते साडेदहा, ऐन ऑफिसच्या वेळेत, रात्रीचा दर लागेल.

जोड्या लावा: एकाने टेस्ट लिहायची, दुसऱ्याने ती हिरवी करून पुढची लिहायची. दहा मिनिटांत हिरवी झाली नाही तर बदल फेकून द्या आणि लहान घास घ्या. हिरवी झाल्यावर कोड आवरायचा, तेव्हा नवी वागणूक घुसडायची नाही. युनिट टेस्टचा पूर्ण संच काही सेकंदांत संपला पाहिजे; चार मिनिटं लागली की लोक चहाला जातात आणि हळूहळू तो चालवणंच सोडतात. मॉक, म्हणजे टेस्टपुरता खोटा पर्याय, फक्त बाहेरच्या गोष्टींना, म्हणजे पेमेंट गेटवे, एसएमएस यांना. आपल्याच क्लासेसना मॉक केलं तर साधं नाव बदललं तरी तीस टेस्ट फुटतात, आणि दोष टीडीडीच्या माथी.

जुन्या कोडला मात्र हा क्रम जसाच्या तसा लागू होत नाही. दीड हजार ओळींची बिलिंगची फाइल असेल तर आधी ती आज काय उत्तर देते तेच टेस्टमध्ये पकडून ठेवा, चुकीचं असलं तरी. आकडा हाताने लिहायच्या नियमाला अपवाद फक्त इथे. मग बगचं तिकीट येईल तेव्हा तो बग दाखवणारी टेस्ट लाल करा, दुरुस्ती करा, आणि दोन्ही एकाच पीआरमध्ये (पुल रिक्वेस्ट, बदल तपासून घ्यायची विनंती) पाठवा. रिव्ह्यू करणाऱ्याने दुरुस्तीच्या ओळी काढून टेस्ट एकदा चालवून बघावी. तरीही हिरवीच राहिली तर पीआर परत.