नाथसागरातली बारा फुटी शिडाची होडी : आधी काय सुधारावं

कोकणात होडीला खारं पाणी खातं, मराठवाड्यात ऊन खातं. प्लायवूडची बारा फुटी होडी घरी बांधून पैठणच्या नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, उतरवली की पहिला मोह होतो तो मोठ्या शिडाचा. आमच्या मते पहिला खर्च रंगावर करावा.

होडीचे जोड चिकटवणारं, घरच्या तापमानाला वाळणारं इपॉक्सी (दोन द्रव कालवून केलेला राळेसारखा चिकटा) साधारण ५० ते ६० अंशांना मऊ पडू लागतं. वैशाखातल्या उन्हात गडद निळी किंवा लाल होडी याहून जास्त तापते. मग होडीवर मढवलेल्या काचकापडाची (काचतंतूंच्या कापडाची) वीण रंगातून वर उमटते, जोड सैल पडतात. म्हणून पांढरा किंवा अगदी फिकट पॉलियुरेथेन रंग, दोन हात. उघडं इपॉक्सी तर उन्हाने पिवळं पडून खडूसारखं झडतं.

दुरुस्तीचं इपॉक्सी सावलीत आणि ऊन कलल्यावरच लावावं. सकाळी लावलं तर दिवस तापेल तशी लाकडातली हवा फुगते आणि थरात बुडबुडे येतात. संध्याकाळी हवा आकसते, इपॉक्सी लाकडात ओढलं जातं. कालवलेलं मिश्रण लगेच पसरट ट्रेमध्ये ओतावं. खोल डब्यात ते स्वतःच्याच उष्णतेने पाहता पाहता घट्ट होतं. सागवान तेलकट, त्यामुळे जोड लावण्याच्या ऐन आधी ॲसिटोनने पुसून घ्यावं.

होडी उलटली तरी बुडू नये म्हणून नाळेत (पुढच्या टोकात) आणि मागे बंद कप्पे करतात. एक लिटर हवा साधारण एक किलो वजन तोलते. पण बंद कप्पा २५ अंशांवरून ६५ वर तापला की आतला दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढू पाहतो, म्हणजे चौरस मीटरला टनाहून जास्त जोर. ६ मिमी प्लाय फुगतो, कोपरे उकलतात. तापलेली होडी तशीच पाण्यात ढकलली तर आतली हवा आकसून फटींतून पाणी आत ओढते. काठावर असताना कप्प्यांची झाकणं उघडी ठेवायची, एवढाच उपाय. पाण्यात उतरवताना मात्र आठवणीने बंद करावीत.

फाल्गुनापासून पाणी झपाट्याने मागे हटतं. गाळपेऱ्याचे (उघड्या पडलेल्या गाळातल्या शेतीचे) बांध, खुंट, उपशाच्या मोटारींचे पाइप आणि केबल उथळ पाण्यात दिसत नाहीत. (केबलपासून लांबच राहावं.) होडी वाऱ्याने आडवी घसरू नये म्हणून पाण्यात एक फळी सोडतात. तळातल्या पेटीतून सरळ खाली सोडलेला डॅगरबोर्ड अशा ठिकाणी आदळला की त्याची पेटी तळापासून सुटते आणि होडी तिथून गळते. पेटीतच फिरून वर येणारा सेंटरबोर्ड बरा, पण त्याच्या खाचेत काळी माती आणि खडे अडकतात. इथे लीबोर्डच चांगला : १८ मिमी प्लायची चार फूट लांब, एक फूट रुंद फळी, होडीच्या कडेला १२ मिमी बोल्टवर टांगलेली. तळाला भोक नाही, आदळली की वर उचलली जाते. सुकाणूही तसंच बिजागरीचं करावं. पातं खाली धरणारी दोरी ताणाने निसटेल अशी बांधावी.

बोल्टचं भोक थेट पाडू नये. ८ मिमी बोल्टसाठी आधी १२ मिमी भोक पाडून ते दाट केलेल्या इपॉक्सीने भरावं, पूर्ण वाळू द्यावं, मग मधोमध ८ मिमी ड्रिल करावं. बोल्टभोवती इपॉक्सीची नळी तयार होते. नाहीतर प्लायच्या उघड्या थरांत पाणी मुरतं, उन्हाळ्यात ते वाळतात आणि दोन-तीन हंगामांत पापुद्रे सुटतात.

शीड शेवटी. ताडपत्रीचं शीड शिकायला ठीक, पण ते तिरकं ताणलं जातं आणि उन्हाने विरतं. डेक्रॉनचं (शिडासाठीच्या पॉलिएस्टर कापडाचं) ६० ते ७० चौरस फुटांचं शीड पुरे. त्यात एक रीफ हवीच, म्हणजे शिडाचा खालचा तिसरा भाग गुंडाळून बांधता येईल अशी दोरी ओवायच्या भोकांची ओळ. वळवाचा वारा काही मिनिटांत येतो. ढग दिसताच, वारा यायच्या आधी, रीफ बांधून काठ गाठावा.

जायकवाडी १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा होडी उतरवण्याआधी वनविभाग आणि जलसंपदा विभागाकडे परवानगीची चौकशी करावी. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उथळ पाण्यात उतरतात; तिकडे शीड वळवू नये.