ड्यूटी लिस्टमधला रविवार

रविवार, रात्री

लेकीचा फोन नेहमीसारखा नऊनंतर आला. पुण्यात असते, नोकरी बरी आहे, जेवण बाहेरचं. मी सवयीने विचारलं, "उपासनेला गेली होतीस का गं?" एरवी चिडते, आज चिडली नाही, आणि तेच मला खटकलं. शांतपणे म्हणाली, "आई, कितीतरी महिने झाले, मी जात नाहीये. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते. देव काय फक्त चर्चमध्येच राहतो का?"

पुढे तिने बायबलच माझ्यावर उलटवलं. संडे स्कूलला मीच पाठवलं होतं, आता भोगा. मत्तयाचा सहावा अध्याय: प्रार्थना करायची तर आपल्या खोलीत जा आणि दार लावून घे. योहानाचा चौथा: प्रभू येशू त्या शोमरोनी बाईला सांगतो की या डोंगरावरही नाही आणि यरुशलेमेतही नाही, खरे भक्त आत्म्याने आणि खरेपणाने उपासना करतील. "मग मी माझ्या फ्लॅटमध्ये केली तर काय बिघडलं?"

"काही बिघडलं नाही, पण..." म्हणून मी थांबले ती थांबलेच. आता रात्रीचे साडेअकरा, नागपूरचा मे महिना, कूलरमधलं पाणी संपत आलंय आणि डोळ्याला डोळा नाही. म्हणून वही काढली.

एक तर ख्रिस्ती माणसाने दर रविवारी चर्चला गेलंच पाहिजे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? नर्सची नोकरी. इन्चार्ज सिस्टर ड्यूटी लिस्ट लावते तेव्हा रविवार-सोमवार काही पाहत नाही, आणि पाहू तरी कसं शकेल? रविवारचा ऑफ मागायला लहान मुलं असलेल्या पोरी आधी रांगेत असतात आणि मी त्यांच्या आड येत नाही. मॉर्निंग ड्यूटी लागली की उपासना गेली. ही अट तारणाची, म्हणजे मोक्षाची असती तर महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती नर्सेसचं काही खरं नव्हतं. प्रभूने स्वतः शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तेही सभास्थानात, वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं केलं. नियम बघत बसलेले लोक त्यावरून किती भडकले, ते मार्काने लिहूनच ठेवलंय.

माझ्यासोबतची एक सिस्टर कॅथलिक आहे. तिच्याकडे सगळं स्पष्ट. त्यांच्या कॅनन लॉच्या, म्हणजे चर्चच्या कायद्याच्या 1247व्या कलमात रविवारच्या मिस्साला (त्यांच्या उपासनेला) हजर राहणं बंधनकारक सांगितलंय, आणि पुढच्याच कलमात आदल्या संध्याकाळच्या मिस्सानेही ते बंधन पुरं होतं असं आहे. आजारपण किंवा तसंच गंभीर कारण असेल तर सूट. त्यामुळे ही बाई शनिवारी संध्याकाळी सदरला मिस्साला जाऊन येते आणि रविवारच्या ड्यूटीला निवांत मनाने उभी राहते. आमच्या सी.एन.आय.मध्ये, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियात, असं कलम नाही, त्यामुळे वाद भरपूर आहेत. कधीकधी मला तिचा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू.

मंगळवार

इव्हिनिंग ड्यूटी. वॉर्ड शांत होता, टाचण करायला वेळ मिळाला.

गैरहजर राहणाऱ्यांसाठी पाळकसाहेबांचं ठेवणीतलं वचन म्हणजे इब्रीकरांस पत्र, दहावा अध्याय, पंचविसावं वचन. आपलं एकत्र मिळणं सोडू नका, जशी कित्येकांची चाल आहे. व्यासपीठावरून हे वचन निघालं की समोर बसलेले आपण कसे शहाणे म्हणून खुशीत मान हलवतात. ज्यांना ऐकवायचं ते तर घरी असतात! पण आज चोविसावं वचन नीट वाचलं. त्यात एकमेकांना प्रीतीसाठी आणि सत्कर्मांसाठी उत्तेजन द्यायला सांगितलंय. एकत्र यायचं ते यासाठी. हजेरीच्या रजिस्टरचा तिथे काही संबंध दिसत नाही.

मग पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, अकरावा अध्याय. हा मला फार आवडतो, कारण त्यात चर्चला जाणाऱ्यांचीच खरडपट्टी आहे. तुमच्या जमण्याने लाभ होण्याऐवजी हानी होते, असं तो तोंडावर सांगतो. खात्यापित्या घरचे लोक लवकर येऊन आपलं जेवून घेत आणि कामावरून उशिरा सुटणारे गरीब उपाशी राहत. अशा मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, आपण काय सांगितलं असतं? बंद करा हे, घरी बसा. पौल म्हणतो, एकमेकांची वाट पाहा. ड्यूटीवरून उशिरा पोचणाऱ्या बाईला हे वाक्य किती जवळचं वाटतं, हे नऊ-पाचच्या नोकरीवाल्यांना नाही कळायचं.

जमण्यातून हानी होते हे मीही पाहिलंय. एका मंडळीत (नाव लिहीत नाही) कमिटीच्या निवडणुकीवरून दोन गट पडले. एक गट डाव्या बाकांवर, दुसरा उजव्या. प्रभुभोजनाला पुढे जाऊन गुडघे टेकायची वेळ आली की शेजारी कोण आहे ते बघून लोक पाऊल मागे घ्यायचे. वेदीपाशी अर्पण आणताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी समेट कर, असं स्पष्ट लिहिलेलं असताना! त्या काळात काही चांगली कुटुंबं यायची बंद झाली ती झालीच. त्यांचा विश्वास कच्चा होता असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

तरीही लेकीचं म्हणणं मला पूर्ण पटत नाही, आणि का पटत नाही ते प्रभूचा शिष्य थोमा याच्यामुळे थोडं कळतं. सगळे त्याला संशयी म्हणून ओळखतात. पण योहानाच्या विसाव्या अध्यायात आधी एक साधी गोष्ट आहे: पुनरुत्थानानंतर प्रभू शिष्यांकडे आला तेव्हा थोमा त्यांच्याबरोबर नव्हता. कुठे होता, ते दिलेलं नाही. ड्यूटीवर असेल! बाकीच्यांनी त्याला शोधून सांगितलं, त्याने मानलं नाही, तरी त्यांनी त्याला बाहेर काढलं नाही. आठ दिवसांनी तो त्यांच्यात बसलेला होता आणि प्रभू पुन्हा आला. थोमाला एकट्यालाही भेटता आलं असतं. भेटला तो सगळ्यांच्या देखत.

आमच्याकडे शिफ्ट बदलताना हँडओव्हर होतो. जाणारी येणारीला बेडवार सांगते: चार नंबरचा ताप उतरला, सात नंबरचं सलाईन हळू ठेव, अकरा नंबरच्या आजी रात्रभर रडल्या. हे एकटीने करता येत नाही. पोरगी घरी प्रार्थना करते ती देव ऐकत असणारच, मला शंका नाही. पण अकरा नंबरच्या आजी रडल्या हे तिला सांगणार कोण? आणि ती स्वतः रडली तर ते कोणाच्या कानावर जाणार?

गुरुवार

आज ऑफ. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नाही, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं. संध्याकाळी गड्डीगोदामला एका मावशींकडे गेले. पक्षाघातानंतर त्या घराबाहेर पडलेल्या नाहीत. महिन्यातून एकदा पाळकसाहेब त्यांना प्रभुभोजन द्यायला येतात, आज मी वेळ साधून गेले. छोटीशी काळी पेटी, आत मखमल, त्यात बोटभर उंचीचे चार काचेचे पेले, भाकरीची डबी आणि द्राक्षरसाची बाटली. पाळकसाहेबांनी पेटी उघडली, स्टुलावर पांढरा रुमाल अंथरला. मावशी म्हणाल्या, "थांबा. आधी सांगा, मांगच्या आयतवारी कोन कोन आलं होतं?" आणि पाळकसाहेबांनी खरंच नावं सांगायला सुरुवात केली. कोणाची सून बाळंत झाली, कोणाचा मुलगा दहावीला बसलाय, कोण आलं नव्हतं. मावशी एकेका नावाला मान डोलवत होत्या. ते झाल्यावरच हात पुढे केला.

हे आजचं नाही. इसवी सन 150च्या सुमारास रोममध्ये जस्टिन म्हणून एक विश्वासी होऊन गेला, पुढे रक्तसाक्षी झाला, म्हणजे विश्वासापायी मारला गेला. रविवारी ख्रिस्ती लोक एकत्र येऊन नेमकं काय करतात, ते त्याने सम्राटाला लिहून कळवलं: शास्त्रवाचन, बोध, प्रार्थना, भाकर आणि द्राक्षारस, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे सेवक त्यातला वाटा घेऊन जातात. म्हणजे गैरहजर माणूस तेव्हाही हिशेबात धरलेला होता. गड्डीगोदामच्या मावशी चर्चला जात नाहीत आणि माझी लेकही जात नाही. पण दोघींना एकाच माळेत ओवता येत नाही. मावशींकडे वाटा पोचतो. लेकीकडे पोचत नाही, आणि यात सगळा दोष तिचा आहे असं मला वाटेनासं झालंय.

कोरोनात सगळ्यांचीच गत मावशींसारखी झाली होती. मार्च 2020 मध्ये चर्चना कुलपं लागली, राज्यातली प्रार्थनास्थळं उघडली ती 16 नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी. पुढच्या वर्षी पुन्हा बंद, पुन्हा ऑक्टोबरात उघडली. त्या काळात मोबाईलवरच्या उपासनेने लोकांना धीर दिला, मी तिला नावं ठेवणार नाही. पीपीई किट उतरवून घामाने ओलीचिंब झाल्यावर चेंजिंग रूममध्ये बसून मीही ऐकलीय. पण सवय अशी लागली की अर्पणाच्या गीताला व्हिडिओ पुढे ढकलायचा, बोध लांबला की दीडपट वेगाने लावायचा. बाकावर बसलेल्या माणसाला पाळकांचा वेग वाढवता येत नाही. मे महिन्यात तर कूलरसमोरचा बाक मिळावा म्हणून लोक वेळेआधी येतात, आणि कूलरच्या आवाजात बोधाचं एक अक्षर ऐकू येत नाही, तो भाग वेगळा.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची आठवण झाली. नागपूरकरांना ते आपलेच वाटतात, कारण 1893 मध्ये इथून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीतच एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. 1895 मध्ये बाप्तिस्मा, पुढे मिशनमध्ये पुष्कळ वर्षं काम. त्यांची गीतं आजही आम्ही गातो. मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव रमेना तेव्हा 1917 मध्ये ते बाहेर पडले. बाहेर पडून काय केलं? 'देवाचा दरबार' भरवला, बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही घेऊन. चर्चवर रुसायचा अधिकार त्यांच्याइतका कोणाला असेल? त्यांनीही आधी माणसंच गोळा केली.

कॅथलिक सिस्टरने मागे जपानचं सांगितलं होतं. 1614च्या बंदीनंतर तिथले ख्रिस्ती लपून राहिले. धर्मगुरू संपले, चर्च एकही नाही. सुमारे अडीचशे वर्षांनी, 1865 मध्ये, नागासाकीत नवीन बांधलेल्या चर्चमध्ये काही गावकरी येऊन फ्रेंच धर्मगुरूला म्हणाले, आमचं आणि तुमचं मन एकच आहे. चर्चशिवाय विश्वास टिकतो याचा याहून मोठा पुरावा कुठला? पण तेही एकेकटे नव्हते. बाप्तिस्मा कोणी द्यायचा, सणवारांचा हिशेब कोणी ठेवायचा, हे त्यांनी वाडीवस्तीत वाटून घेतलं होतं.

आणि आमची सी.एन.आय. तर जमली ती इथेच नागपुरात, 29 नोव्हेंबर 1970, ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात. चाळीसेक वर्षं बोलणी चालली होती. सहा मंडळ्या एक झाल्या. कोणी बाळाला बाप्तिस्मा देणारे, कोणी मोठेपणीच घ्यावा म्हणणारे. दोन्ही पद्धती ठेवल्या आणि एकत्र बसले. बाबा तिथे पाण्याचे माठ भरायला स्वयंसेवक होते. सोहळा कसा झाला विचारलं की एवढंच सांगायचे, "लोकं खूप होते, पाणी पुरलं."

शनिवार

लेकीला मीच फोन केला. तिने आधीच ठणकावलं, "बोध करणार असशील तर ठेवते." मी म्हटलं, "नाही करत. तू शेवटची गेलीस तेव्हा काय झालं, तेवढं सांग."

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आई, तिथे मी दोन वर्षं जात होते. सगळ्यांना माझ्याबद्दल एकच गोष्ट जाणून घ्यायची होती, लग्न कधी. मागे मला डेंग्यू झाला, चार रविवार नव्हते, तर परत गेल्यावर एक काकू म्हणाल्या, किती बारीक झालीस, डाएट का? मग मी विचार केला, मी नसले काय नि असले काय."

मत्तय, योहान, शोमरोनी बाई, सगळं बाजूला राहिलं. खरं दुखणं हे होतं. डेंग्यूच्या वेळी मी सुट्टी टाकून पुण्याला गेले होते. पंधरा पायऱ्या चढून वर येऊन दार वाजवणारं तिच्या मंडळीतलं कोणी तेव्हा मला दिसलं नव्हतं. मला तेव्हा ते जाणवलंही, पण पोरीच्या प्लेटलेट्स मोजण्यात विसरून गेले. आता तिला जा म्हणून सांगायचं तर कोणाकडे जा म्हणून सांगू?

"आणि आई," ती म्हणाली, "नागपूरला कोणी विचारतं का माझ्याबद्दल?"

विचारतात. हार्मोनियमवाले अंकल दर वेळी विचारतात, तुमची पोरगी पुण्यात गाते का. गेल्या कापणीच्या सणाला लिलावात कोहळं निघालं, तेव्हा माईकवरूनच म्हणाले, हे कोहळं त्या पोरीच्या नावाने, ती लहानपणी याच्यावर बसायची. चारशे रुपयांना गेलं, घेणारी मीच.

ती हसायला लागली. "अंकल अजून सुर सोडूनच वाजवतात?"

"अजूनही."

"त्यांचा नंबर पाठव."

पाठवला. पुण्यातल्या माझ्या जुन्या बॅचमेटलाही मेसेज टाकलाय, ती तिकडे दुसऱ्या मंडळीत असते. लिहिलं, एकदा पोरीकडे जेवायला जा, चर्चचं नाव काढू नकोस, लग्नाचं तर मुळीच नको. तिचं उत्तर आलं: "मटण चालतं ना तिला?"