मॅडम रिटायर झाल्या, वह्यांचं काय?

शनिवार, रात्री उशिरा

आज मॅडमच्या रिटायरमेंटनिमित्त डिपार्टमेंटने इकॉलॉजीचा सेमिनार ठेवला होता. आत्ताच घरी आले, अंग दुखतंय पण झोप येणार नाहीये, म्हणून मनात आहे ते लिहून टाकते.

जुने विद्यार्थी कुठून कुठून आले होते, कोणी फॉरेस्टमध्ये, कोणी कॉलेजात, एक मुलगी तर लेकराला कडेवर घेऊन आली होती. शाल, श्रीफळ, भाषणं सगळं छान झालं. मॅडमचे पेपर किती, पीएचडीचे विद्यार्थी किती, कमिट्या कुठल्या कुठल्या, सगळं वाचून दाखवलं आणि ते खरंच मोठं आहे. पण मॅडमचं सगळ्यात मोठं काम मला वाटतं पक्षी-मगरींच्या नोंदींच्या त्या निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आहेत आणि त्यांच्याबद्दल सकाळपासून कोणी बोलेचना.

दर हिवाळ्यात पहाटे अंधारात बडोद्याहून निघायचं, डभोईकडे, वढवाणा तलावावर. सयाजीराव महाराजांच्या काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला तलाव, 2021 मध्ये रामसर साइट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झाला, तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले, पण मॅडम त्याच्या कितीतरी आधीपासून त्याच पाळीवर, त्याच जागी स्कोप, म्हणजे मोठी दुर्बीण लावून पक्षी मोजत होत्या. हिमालय ओलांडून येणारे पट्टेरी डोक्याचे हंस, तलवार बदकं, थापट्या बदकं, वारकरी नावाचे पाणपक्षी. आणि पक्ष्यांच्या आकड्याशेजारी पाण्याची पातळी, ढग, वारा, काठावर गुरं होती का, मासेमारीची होडी होती का. आम्हाला तेव्हा कळायचं नाही, एवढं कशाला लिहायचं. आता कळतं. थापट्यासारखी बदकं बुडी मारत नाहीत, उथळ पाण्यात नुसतं तोंड घालून खातात, त्यामुळे तलाव जास्त भरलेला असला की ती दुसरीकडे जातात आणि त्या वर्षी आकडा पडतो. शेजारी पातळी लिहिलेली नसेल तर आपण म्हणणार, बदकं कमी झाली.

दुपारनंतर एका तरुण मुलाने कीलिंगची गोष्ट सांगितली आणि मी एकदम सावरून बसले. चार्ल्स कीलिंग या शास्त्रज्ञाने 1958 मध्ये हवाईतल्या मौना लोआ डोंगरावर हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली तेव्हा तो दहा लाख भागांत साधारण 315 होता, आज 420 च्या वर गेलाय. मधे पैसे बंद व्हायची वेळ आली, नेहमीचीच मोजणी आहे, यात नवीन काय असं म्हणणारेही होते, तरी त्याने सोडलं नाही आणि 2005 मध्ये तो गेल्यावर मुलगा राल्फ ते काम बघतोय. आपल्याकडेही तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात 1988 पासून 50 हेक्टरमधलं झाड न् झाड मोजतायत. म्हणजे होऊ शकतं. पण त्यामागे एक संस्था उभी असते, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम एका माणसाच्या पायांवर चालतं. तो माणूस रिटायर झाला की नोंदींची रेघ तुटते, आणि तुटलेली वर्षं कितीही पैसे ओतले तरी परत मोजता येत नाहीत.

बडोद्याच्या विश्वामित्री नदीचंच बघा ना. शहराच्या मधून वाहणाऱ्या नदीत मगरी राहतात, असं दुसरं शहर कुठे सापडेल? 2024 च्या ऑगस्टमध्ये पूर आला, मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या, लोक घाबरले, आणि मग नदी खोल-रुंद करायचं काम निघालं. लोकांचे हाल मी डोळ्यांनी पाहिलेत, पूर परत नको हे मलाही वाटतं. पण मगर काठाच्या मातीत खड्डा खणून अंडी घालते, काठातच बिळं करून राहते, आणि पिल्लू नर होणार की मादी हे त्या मातीच्या उष्णतेवर ठरतं. काठ कापला किंवा सिमेंटने बांधला तर हे सगळं कुठे होणार? कुठल्या वळणावर घरटी असायची, थंडीत सकाळी त्या कुठे ऊन खायला येतात, हे मॅडमच्या वहीत वर्षानुवर्षं लिहिलेलं आहे. काम व्हायच्या आधीचं बडोदं त्या पानांत आहे.

शेवटी मॅडम बोलायला उठल्या, आभार मानले आणि सरळ विचारलं, "जानेवारीत कोण जाणार?" हॉल शांत झाला. मग चार-पाच हात वर गेले, त्यात माझा होता. आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण हात वर करणं सोपं आहे, नोकरी, घर सांभाळून दर वर्षी जाणं सोपं नाही.

चहाच्या वेळी मी त्यांना म्हटलं, मॅडम, वह्या आधी स्कॅन करू, ओलीने पानं जायला लागलीयत. त्या म्हणाल्या, "कर बाई, पण नुसते आकडे नको उतरवूस, बाजूचं बारीक अक्षर पण घे." मग रविवारी दांडिया बाजारात त्यांच्या घरी बसायचं ठरलं. बाकीच्यांना ग्रुपवर मेसेज टाकलाय, पाळीवरच्या जागांचा नकाशा मॅडम हाताने काढून देणार आहेत. त्यांची अट एकच, जागा आणि वेळ बदलायची नाही, आणि एकही पक्षी दिसला नाही तरी तिथे शून्य लिहायचं, रकाना रिकामा सोडायचा नाही.