घाटाआधीची गोळी

पुणे ते सासवड ही माऊलींच्या पालखीच्या सगळ्यात मोठ्या मजलींपैकी एक. साधारण तीस किलोमीटर, त्यातच दिवे घाट. मला घाट चालायचाच होता, म्हणून त्याच्या आधीचा सगळा रस्ता मी सोडला.

आदल्या दिवशी भवानी पेठेत दिंडीतल्या काकूंना हे पटेना. "अगं, नाम घेत राहा, पाय आपोआप पडतात." नामाचं बळ मलाही ठाऊक आहे. पण श्रम वाढले की निरोगी माणसाच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी जास्त कॉर्टिसोल सोडतात, ताण पेलायला लागणारं संप्रेरक. किडनीच्या वर असतात त्या. माझ्या ग्रंथी क्षयरोगाने निकामी झाल्या. आता गोळीतून जेवढं येईल तेवढंच. सकाळी उठल्याबरोबर हायड्रोकॉर्टिसोन या स्टिरॉइडचा मोठा डोस, दुपारी आणि संध्याकाळच्या आत छोटे. शरीरात मीठ टिकावं म्हणून फ्लुड्रोकॉर्टिसोन वेगळी.

पहाटे रस्ता बंद व्हायच्या आत दिरांनी मला आणि थोरल्या जाऊबाईंना वडकीला सोडलं. एकादशी होती. मी उपास धरला नाही, भाकरी-ठेचा खाऊन सावलीत पडून राहिले. वारीला येऊन पडून राहायचं, याने जीव तुटत होता. हडपसरकडून टाळांचा आवाज जवळ येत गेला तसं उठून पळावंसं वाटलं. जाऊबाईंनी हाताला धरून बसवलं, तांब्या पुढे केला. "मीठ-साखर घातलीय, सगळं पी."

दिवे घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. त्या पायथ्यालाच जुंपतात, बैल दमून अर्ध्या चढावर थांबल्यावर नाही. माझी जादा गोळीही तशीच, डॉक्टरांशी आधी ठरवून घेतलेली, चढण्यापूर्वी. या आजारातला थकवा आला की चहा घेऊन, घटकाभर टेकून जात नाही. डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं, बोलताना साधे शब्द सापडत नाहीत. उलट्या सुरू झाल्या तर गोळी पोटात राहत नाही, तेव्हा १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं आणि दवाखाना गाठावा लागतो. ते जाऊबाईंच्या पिशवीत होतं. मांडीत कसं द्यायचं हे त्या शिकून आल्या होत्या. माझ्या गळ्यात तुळशीमाळेसोबत मराठीत लिहिलेलं कार्ड: स्टिरॉइड बंद करू नये.

मग चढले. प्रत्येक वळणावर कडेला बसायचं, पाणी प्यायचं, मागची दिंडी पुढे जाऊ द्यायची. खाली मस्तानी तलाव दिसत होता. डोक्यावर तुळस घेतलेली एक आजी शेजारी टेकली, माझ्या पाया पडली, मी तिच्या. "माऊली, सावकाश या," म्हणाली आणि उठली. वरून खाली पाहिलं तर घाटाची सगळी वळणं भगव्या पताकांनी भरलेली. रडू आवरलं नाही.

झेंडेवाडीत जाऊबाईंच्या माहेरच्यांकडे थांबलो आणि रात्री गर्दी ओसरल्यावर त्यांच्याच गाडीने सासवडला गेलो. तिथे पालखीचा मुक्काम दोन रात्रींचा, हे मी आधीच हिशेबात धरलं होतं. दुसरा दिवस जवळजवळ सगळा झोपले. संध्याकाळी सोपानदेवांच्या समाधीचं दर्शन घेतलं आणि दिरांबरोबर पुण्याला परतले.