पांढरी टेप

शनिवार, रात्री दहा

सर्व्हिसिंग करून आणलेल्या गाडीखाली तीन रात्री वर्तमानपत्र अंथरायचे, ही सवय मला आमच्या जुन्या मेस्त्रींनी लावली. बुधवारी रात्री कागदावर टिकलीएवढा डाग पडला. तेल भरताना सांडलेले ओघळले असेल, असे समजून मी तो कागद टाकून दिला. गुरुवारचा डाग रुपयाएवढा होता. आज सकाळी गाडी बाजूला घेतली, तर तळहाताएवढा भाग तेल पिऊन इतका पातळ झाला होता की मागच्या पानावरचा मजकूर उलट्या अक्षरांत दिसत होता. तेलाचा रंग मधासारखा होता, म्हणजे गळत होते ते तीन दिवसांपूर्वी भरलेले नवे तेल होते.

गाडी २००७ सालची स्प्लेंडर आहे. पंधरा वर्षे झाल्यावर २०२२ मध्ये आर.टी.ओ.त नेऊन तिची फेरनोंदणी करून घेतली, तेव्हा ती मोडीत काढण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता. पण कोल्हापूरहून गगनबावड्याच्या रस्त्याने, कळे गावाच्या पुढे, माझ्या शाळेपर्यंत तिने मला पावसाळ्यातही नेले आहे, आणि अजून काही वर्षे ती सहज नेईल, असे तिच्या इंजिनाकडे पाहून मला वाटते. ९७.२ सीसीचे ते इंजिन हवेवर थंड होते आणि जेमतेम लिटरभर तेलावर चालते. त्याला रेडिएटर नाही, पाणी नाही. घर्षण कमी करायचे तेही तेलाने आणि आतली उष्णता इंजिनाबाहेरच्या धातूच्या पातळ पाळ्यांपर्यंत न्यायची तीही बऱ्याच अंशी तेलानेच. त्या लिटरातले तीन-चारशे मिली रस्त्यावर ठिबकून गेले, तर चालवणाऱ्याला ते कळतही नाही. कळते ते इंजिन जाम झाल्यावर, आणि तोवर वेळ गेलेली असते. तेल दाखवणारा दिवा या गाडीला नाही.

तेल तपासायची पट्टी काढून पाहिली. मेन स्टँडवर गाडी सरळ उभी केली, इंजिन दोन-तीन मिनिटे चालवून बंद केले, थोडे थांबलो आणि पट्टी पुसून आटे न आवळता नुसती टेकवली, कारण या गाडीत ती आवळून पाहिली तर तेल आहे त्यापेक्षा जास्त दिसते. तेल खालच्या खुणेच्या किंचित वर होते. तीन दिवसांत मी गाडी फारशी चालवलीही नव्हती.

रविवार, दुपार

बुधवारी वर्कशॉपमध्ये काय घडले ते आज नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या बोलताना राग मध्ये येणार नाही.

शाळा १५ जूनला उघडते. मृगाच्या सरी सुरू होण्याआधी गाडीचे काम उरकावे म्हणून मी सकाळी साडेनऊलाच तेथे पोहोचलो. माझी तक्रार एकच होती: इंजिन थंड असताना हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, बाजूने टिकटिक असा बारीक, नियमित आवाज येतो आणि गाडी तापली की तो कमी होतो. मला तो टॅपेटचा, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांतली फट वाढल्याचा, वाटत होता. काउंटरवरच्या मुलाने माझे बोलणे ऐकले आणि जॉब कार्डावर ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले. आवाजाचे लिहा, असे मी म्हटले, तेव्हा आत सांगतो, असे तो म्हणाला. गाडी सुरू करून ऐकायला कोणी बाहेर आले नाही. आले असते तरी मी ती तीन किलोमीटर चालवत आणली होती; तो आवाज ऐकायचा तर ती तासाभर थंड होऊ द्यायला हवी होती, आणि तेवढा वेळ तेथे कोणालाच नव्हता. मी थांबलो होतो त्या तासाभरात एकाच मुलाने दोन गाड्या लिफ्टवरून उतरवल्या. त्या मुलाला मी दोष देत नाही. दिवसभरात किती गाड्या काढल्या यावरच त्याचे काम मोजले जात असेल, तर एका गाडीजवळ कान लावून बसणे त्याला परवडणार कसे?

संध्याकाळी गाडी धुऊन, पॉलिश करून, टायरला काळा रंग लावून मिळाली. टिकटिक तशीच होती. ती गुरुवारी सकाळी पहिल्या किकलाच पुन्हा ऐकू आली. बिलात ‘ऑइल फिल्टर’ म्हणून १२० रुपये लावले होते. या इंजिनाला बदलायचा कागदी फिल्टर नसतोच. तेल गाळण्यासाठी तळाशी तारेची जाळी असते आणि क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला त्याच्याबरोबर फिरणारी वाटीसारखी रचना असते, जिच्यात तेलातला जड कचरा बाहेरच्या बाजूला फेकला जाऊन कडेला चिकटून राहतो. या दोन्ही गोष्टी स्वच्छ करून पुन्हा बसवायच्या असतात. मी जुना फिल्टर मागितला, तेव्हा कचऱ्यात गेला, असे उत्तर मिळाले.

आज सकाळी इंजिनाखाली स्वच्छ पातेले ठेवून तळाचा बोल्ट काढायला घेतला. सतरा नंबरचा पाना लावला आणि जोर देण्याआधीच बोल्ट फिरला. साधारणपणे तो सुटताना आधी एक झटका बसतो आणि मग आटे एकेक करून मोकळे होत जातात. हा मात्र भाकरीच्या पिठात खोचलेल्या काडीसारखा हलला. बाहेर आला तेव्हा त्याच्याभोवती नळाच्या जोडाला गुंडाळतात ती पांढरी टेप होती, चार-पाच वेढे, तेलाने पिवळसर झालेली, आणि तिच्या घडीत ॲल्युमिनिअमचा चमकणारा कीस अडकलेला होता. इंजिनाचे कवच ॲल्युमिनिअमचे, बोल्ट पोलादाचा. बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळला की हरते ते कवच. भोकात बोट घालून पाहिले, तर आतला अर्धा भाग गुळगुळीत लागला.

मी बराच वेळ ती टेप हातात घेऊन बसलो होतो. आटे एकट्या बुधवारीच गेले, असे मी म्हणत नाही. इतक्या वर्षांत किती हातांनी तो बोल्ट आवळला असेल, आणि कदाचित शेवटच्या वेळी त्याने फक्त दम तोडला असेल. पण टेप बुधवारीच गुंडाळली गेली. आटे गेलेले ज्याला दिसले, त्याने टेप शोधली, ती व्यवस्थित गुंडाळली, बोल्ट परत बसवला, वरून गाडी चकचकीत पुसली आणि मला काहीही न सांगता चावी दिली. आटे गेलेत, लेथवर न्यावी लागेल, खर्च येईल, एवढे त्याने सांगितले असते, तर मी आभार मानून पैसे दिले असते. दरड कोसळलेल्या घाटात पाटी न लावता रस्ता सुरू ठेवावा, तसे हे झाले. पुढच्या आठवड्यात मी याच गाडीवर, मागे सहावीतल्या मुलीला बसवून, तिच्या शाळेलाही जाणार होतो.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीची जी व्याख्या दिली आहे, तीत ग्राहकाला आवश्यक असलेली माहिती जाणूनबुजून दडवणे हेही धरलेले आहे. हे वाचून मला बरे वाटले. जिल्हा आयोगाकडे जाणार की नाही, हे अजून ठरवलेले नाही. पण उद्या वर्कशॉपला पत्र देणार आहे, आणि सोबत टेपेचा फोटो जोडणार आहे.

सोमवार, रात्री

सकाळी गाडी ढकलत शिवाजी उद्यमनगरात नेली. एके काळी शेतावरच्या पंपांची ऑइल इंजिने जेथे घडत, त्या गल्ल्यांत आजही लेथ, ड्रिल आणि वेल्डिंगचे आवाज सकाळपासून चालू असतात, आणि मोडलेली वस्तू फेकायची नसते, ती पुन्हा उभी करायची असते, हे तेथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. एका दुकानात मी बोल्ट आणि टेप दोन्ही पुढे ठेवले. लेथवरच्या मामांनी बोल्ट बोटांत फिरवला, गाडीखाली वाकून भोकात पाहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हे पान्यानं आवळल्यालं न्हाई. हवेच्या गननं हाणलंय. आटं पार खाल्ल्यात.”

त्यांनी भोक एका मापाने मोठे करून नवे आटे पाडले. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत आधी घट्ट ग्रीस भरले, म्हणजे निघणारा कीस ग्रीसला चिकटतो आणि इंजिनात पडत नाही. मग अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, पुन्हा अर्धा फेरा पुढे. प्रत्येक दोन-तीन फेऱ्यांनंतर टॅप पूर्ण बाहेर काढून फडक्याने पुसायचा, नवे ग्रीस भरायचे आणि पुन्हा घालायचा. पाऊण तास हेच चालले होते. त्या पाऊण तासात त्यांनी दोन गिऱ्हाइकांना थांबायला सांगितले. नंतर वरून थोडे स्वस्त तेल ओतून ते खालून वाहू दिले, चुंबकाला ॲल्युमिनिअम धरत नाही म्हणून भोकाच्या कडेवरून बोट फिरवून पाहिले, आणि तेल पुन्हा एकदा ओतले. नवा बोल्ट लेथवर घेतला आणि त्याखाली नवा वॉशर दिला. “आता हाताला लागंल तेवढाच आवळायचा. लांब दांड्याचा पाना घालू नका,” असे त्यांनी बजावले. जुना बोल्ट मी मागितला नव्हता. त्यांनीच तो कागदात गुंडाळून माझ्या हातात ठेवला.

परतताना मेस्त्रींची आठवण आली. पंचगंगेच्या २०१९ च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी शिरले आणि ही गाडी सीटपर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मी घाईने किक मारणार, तोच ते ओरडले होते: किक मारू नका, आत पाणी आहे, कनेक्टिंग रॉड वाकेल. आधी प्लग काढायला लावला, मग तेल सोडले. बाहेर आले ते तेल दुधाळ चहासारखे होते. दोनदा तेल बदलले, कार्बोरेटर उघडून वाटीतला गाळ काढला, वायरिंगचे जोड एकेक करून वाळवले, आणि तेव्हा कोठे चौथ्या किकला गाडी सुरू झाली. त्यांचे ऐकणे मी कधी विसरणार नाही. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून, डोळे मिटून ते ऐकत. बदललेला प्रत्येक भाग कागदात गुंडाळून परत देत. माझ्याकडे तशा पुड्यांचा एक डबाच आहे: झिजलेले ब्रेक लायनर, काळवंडलेला प्लग, तुटायला आलेली क्लच केबल.

त्यांनी दुकान बंद केले त्याला आता बराच काळ झाला. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ हे धुराचे नवे नियम आले, कार्बोरेटर गेले, त्या जागी फ्युएल इंजेक्शन आणि सेन्सर आले, आणि बिघाड वाचण्यासाठी स्कॅनर लागू लागला. नव्या गाड्या त्यांच्या दारात येईनाशा झाल्या, जुन्या गाड्या कमी होत गेल्या, आणि हातही थरथरू लागले होते. नव्या तंत्राबद्दल माझी तक्रार नाही, धूर कमी झाला हे चांगलेच झाले. पण ते दुकान बंद झाले तेव्हा गाडीचे ऐकणारा माणूसही आमच्या भागातून गेला, आणि त्याची जागा घेणारे काउंटर मला अजून सापडलेले नाही.

मंगळवार

दुपारी वर्कशॉपकडून फोन आला. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, असे एका मुलीने विचारले. मी तिला बोल्ट, टेप आणि नसलेल्या फिल्टरची हकीकत सांगितली. तिने मध्येच न तोडता ऐकून घेतले, आणि शेवटी अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, माझ्याकडे यासाठी रकाना नाही, फक्त आकडा टाकता येतो.” मी शून्य सांगितले. पत्र सकाळीच पोच घेऊन दिले आहे.

बुधवार, सकाळी सात

कागद सलग दुसऱ्या दिवशी कोरडा आहे. पट्टीवर तेल वरच्या खुणेशी आहे. यावेळी डब्यावर जासो एम.ए. हे दुचाकीच्या तेलाचे मानक लिहिलेले आहे ना, ते पाहून तेल आणले, कारण या गाडीचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि मोटारीचे तेल घातले तर क्लच सटकू शकतो.

काल संध्याकाळी मेस्त्रींच्या घरी गेलो होतो. खुर्चीत बसूनच त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि टॅपेट तुम्हीच लावा, मी सांगतो, असे म्हणाले. त्याप्रमाणे आज पहाटे, इंजिन रात्रभर थंड झालेले असताना, डावीकडची दोन झाकणे काढली, पान्याने क्रँक सावकाश फिरवत फ्लायव्हीलवरची, म्हणजे क्रँकबरोबर फिरणाऱ्या जड चाकावरची, ‘टी’ची खूण खाचेशी आणली, आणि झडपा दाबणारे दोन्ही रॉकर बोटाने हलतात ना, हे पाहिले; हलत नसते, तर आणखी एक पूर्ण फेरा द्यावा लागला असता. मग पुस्तिकेतल्या मापाची पोलादी पट्टी रॉकर आणि झडपेमधल्या फटीत सरकवली. नव्या पाठ्यपुस्तकाच्या दोन चिकटलेल्या पानांतून कागद ओढताना जेवढे अडते, तेवढेच पट्टीने अडायला हवे, असे मला हाताला जाणवले. इनटेकची, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या झडपेची, फट लगेच जमली. एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या झडपेचा, स्क्रू त्याला पक्का धरणारा चेकनट आवळताना दर वेळी किंचित फिरत होता, आणि मेस्त्रींनी सांगितलेली स्क्रू धरून ठेवण्याची युक्ती माझ्या हाताला चौथ्या प्रयत्नात थोडीफार साधली.

सुरू केल्यावर आवाज निम्मा झाला आहे. उरलेली टिकटिक एक्झॉस्टच्या बाजूची आहे. रविवारी ती बाजू पुन्हा उघडणार आहे, आणि जमले तर रिक्षाने मेस्त्रींना घरी घेऊन येणार आहे, म्हणजे ते स्वतः कान लावून ऐकतील.