एक दार, दोन कुटुंबं

आज मन अडकलं ते त्या दारात. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं मिल्टन अ‍ॅबस गाव. दुतर्फा एकसारखी, पांढरी, शाकारलेली घरं. प्रत्येक घर मुळात दोन कुटुंबांचं, पुढचं दार मात्र सामाईक!

इथला जमीनदार लॉर्ड मिल्टन. त्याला आपल्या वाड्याजवळ जुनं गाव नको होतं. १७८० च्या सुमारास ते हटवून हे नवं, टेकडीआड वसवलं.

भिंती माती-पेंढ्याच्या. त्यांना गिलावा चुन्याचाच हवा. सिमेंट लावलं की आतली ओल कोंडते, पायथा भुसभुशीत होतो आणि भिंत बसते. बाहेरूनही ओल नको, तर छपराची वळचण पुढे काढलेली, पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून.

भिंतीची एवढी काळजी. पण दाराआड शेजारी कोण हवा, हे कुणी त्या माणसांना विचारलं असेल का?