ताईचे अल्पाका

माझी ताई आणि भावोजी ओहायोत छोट्याशा शेतावर अल्पाका पाळतात. मुलुंडला आमची जेवणं उरकली की व्हिडिओ कॉल लागतो. आई आधी जनावरांची चौकशी करते, मग लेकीची.

अल्पाका मूळचा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरांतला, उंटाच्या कुळातला. एकटा ठेवला तर झुरतो, कळपच लागतो. सगळे एकाच जागी लेंड्या टाकतात, त्यामुळे साफसफाई सोपी. (ते काम भाचीकडे आहे आणि ती मनापासून करते. मला तिचं फार कौतुक आहे.) वर्षातून एकदा, उन्हाळ्याआधी, लोकर कातरतात. मग एवढा गुबगुबीत प्राणी म्हणजे नुसती लांब मान आणि टपोरे डोळे!

गाभणपण जवळजवळ साडेअकरा महिन्यांचं, आणि वितात बहुतेक दिवसाउजेडी. परवा ताईने फोन कुंपणाला टेकवून ठेवला होता. ओलं पिल्लू दोनदा गुडघ्यांवर पडलं, तिसऱ्यांदा लटपटत उभं राहिलं. आईने इकडे हातच जोडले.

ताईने पाठवलेल्या तपकिरी लोकरीची आईने टोपी विणली. मेंढीच्या लोकरीसारखा तेलकटपणा नाही, कपाळाला टोचत नाही. जानेवारीत पहाटे फिरायला जाताना आई ती घालते. आता बाबांच्या मफलरसाठी पांढरी मागवली आहे.